मिठाच्या गोदामातलं हॉस्पिटल

डमडम, कलकत्ता
२ फेब्रुवारी १९७१

ती. अक्का,

तुला वाकून नमस्कार. मुलगी झाल्याची तार तुला पोचलेलीच आहे. तू पाठवलेलं बाळंतविड्याचं पार्सल परवा मिळालं. टोपडं जरा मोठं होतंय, पण तीही वाढेलच. रंगानं मालतीवर गेली आहे आणि कपाळ आपल्या आबांचं आहे. इथे सगळे तिला खुकी म्हणतात. बंगालीत लहान मुलीला तसं म्हणायची पद्धत आहे. बारसं अजून केलेलं नाही.

मालतीला थोडा अशक्तपणा आहे, म्हणून तिला पुन्हा काही दिवस हॉस्पिटलात ठेवली आहे. बाळंतपण झालं तेच हॉस्पिटल, नॉर्थ कॅनॉल. बागबाजारच्या पलीकडे कालव्याच्या काठावर आहे. सरकारी असलं तरी चांगलं आहे. काळजीचं काही कारण नाही.

खुकीला वरच्या मजल्यावरच्या शकुनताई सांभाळतात. त्या आमच्या घरमालकीण. आपल्याच, मराठी, पण जन्म इथला. त्यामुळे मराठी बोलता बोलता मध्येच बंगालीत शिरतात आणि त्यांचं त्यांना कळतही नाही. शाळेत शिकवत असत, आता निवृत्त आहेत. एकट्याच असतात.

तू निघायची घाई करू नकोस. शहरातली हवा बरी नाही. गल्ल्यांतून बाँब फुटतात, मधूनच संचारबंदी लागते. सगळं शांत झालं की मीच कळवीन.

तुझा,
श्यामकांत

*

कराड
११ फेब्रुवारी १९७१

चि. श्यामकांत,

आशीर्वाद. पत्र पावलं. मुलीबद्दल तू सात ओळी लिहिल्यास, घरमालकिणीबद्दल पाच आणि मालतीबद्दल तीन. इतकी वर्षं मुलींच्या शाळेत काढल्यावर मला अर्धवट उत्तर ओळखता येतं.

अशक्तपणाला बाळंतीण घरी ठेवतात. डिंकाचे लाडू देतात, अंगाला तेल लावतात. हॉस्पिटलात ठेवायचीच होती, तर मूल तिच्याजवळ का नाही? मुलीला अंगावरचं दूध मिळतंय की नाही? मालतीच्या हातची दोन अक्षरं पाठव. तुझ्या दहा पानांपेक्षा मला ती पुरतील.

शहरात बाँब फुटतात म्हणून मी येऊ नये हे ठीक. पण तू, मालती आणि मुलगी तिथेच आहात, हे लिहिताना तुझ्या लक्षात आलेलं दिसत नाही.

अक्का

*

डमडम
२१ फेब्रुवारी १९७१

ती. अक्का,

नमस्कार. औषधांमुळे मालतीच्या हाताला कंप आहे, म्हणून तिला लिहिता येत नाही. खुकीला डब्याचं दूध सुरू केलं आहे, ते पचतंय. वजन वाढलं.

कचेरीत निवडणुकीची गडबड आहे. आमच्या ऑडिटच्या लोकांनाही मतदान केंद्रांवर कामं लावली आहेत. जास्त लिहीत नाही.

श्यामकांत

*

कराड
६ मार्च १९७१

श्यामकांत,

काल बँकेतले श्यामराव भेटले. पूर्वी त्यांची बदली कलकत्त्याला झाली होती, आठवत असेल तुला. मी सहज म्हटलं, भावाची बायको नॉर्थ कॅनॉल हॉस्पिटलात आहे. ते म्हणाले, बाळंतपणासाठी ना? मी म्हटलं, नाही, त्यानंतर पुन्हा ठेवली आहे. तेव्हा ते म्हणाले, त्या थांब्याला बसचे कंडक्टर अजून 'गारद, गारद' म्हणून ओरडतात. पूर्वी तिथे पागलांचं गारद, म्हणजे वेड्यांचं इस्पितळ, होतं. तो भाग अजून आहे.

तर आता मला खरं सांग.

तू सांगण्याआधी मी एक सांगते, कारण तू तेव्हा पाळण्यात होतास. आपल्या धाकट्या काकूला मूल झालं ते मेलेलं झालं. त्यानंतर ती बोलेना, जेवेना. अंगावरचे कपडे टिकवीना. घरच्यांनी तिला मागच्या खोलीत कोंडली. मी दाराच्या फटीतून तिला भाकरी देत असे. मग एक दिवस काका तिला रेल्वेनं कुठल्या तरी वेड्यांच्या इस्पितळात ठेवून आले. भेटायला कुणी गेलं नाही. पुढे कधीतरी ती वारल्याचं कार्ड आलं. आपल्या घरात त्यानंतर तिचं नाव कुणी काढलं नाही. सरोज होतं तिचं नाव. तुला हे तरी ठाऊक होतं का?

त्या दारातून आत गेलेलं माणूस परत येत नाही, श्यामकांत. मला हे कुणी शिकवलेलं नाही, मी पाहिलेलं आहे.

मुलीला माझ्याकडे आणून सोड. तुझ्या वयाच्या माणसाला पुढचं आयुष्य आहे. मी इथे वकिलांशी बोलले. अशा बाबतीत कायद्यानं वेगळं होता येतं. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण दुसरं कोण लिहिणार?

अक्का

*

डमडम
१५ मार्च १९७१

ती. अक्का,

श्यामरावांनी सांगितलं ते खरं आहे. मी लपवलं, कारण तू नेमकं हेच लिहिशील याची मला भीती होती.

बाळंतपणानंतर दोनेक आठवडे ठीक गेले. मग मालतीची झोप उडाली. बोलेनाशी झाली. बोललीच तर म्हणायची, ही मुलगी आपली नव्हे, हिला हिच्या घरी पोचवायला हवं. मला वाटलं, थकव्यानं बोलते. एक दिवस मी कचेरीत असताना ती खुकीला दुपट्यात गुंडाळून डमडम स्टेशनावर गेली. बाहेर मासे विकत बसलेल्या एका बाईच्या मांडीवर तिनं मुलीला ठेवलं, 'ही तुमची, घ्या' म्हणाली आणि वळून चालू लागली. मराठीत म्हणाली, त्या बाईला शब्द कळले नाहीत, पण काहीतरी बिनसलंय एवढं कळलं. तिनं माशांची पाटी तशीच टाकली, मुलीला पदराखाली घेतलं आणि मालतीच्या मागोमाग आमच्या घरापर्यंत चालत आली. दार शकुनताईंनी उघडलं. मूल आईकडे देऊ की तुमच्याकडे, एवढंच त्या बाईनं विचारलं.

शकुनताईंनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, हिला नॉर्थ कॅनॉलच्या जुन्या इमारतीत न्यायला हवं, बाळंतपणाच्या नव्हे, पाठीमागच्या. मी साफ नाही म्हणालो. मालतीला वेड्यांत ठेवणार नाही म्हणालो. तेव्हा त्या माझ्यासमोर बसल्या.

"मी त्या गारदातच लहानाची मोठी झाले, श्यामकांत," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे नीट बघ आणि मग काय ते ठरव."

त्यांनी पुढे जे सांगितलं ते तुला लिहितो, कारण ते ऐकल्यावरच मी मालतीला तिथे नेलं.

इमारत मुळात मिठाचं गोदाम होतं. कालव्यातून मिठाच्या होड्या येत, त्या तिथे रिकाम्या होत. शंभरेक वर्षांपूर्वी सरकारनं ते घेतलं, भोवती उंच भिंत बांधली, आणि शहरात पोलिसांना जी भरकटलेली माणसं सापडत ती आत नेऊन ठेवायला सुरुवात केली. उपचार असा नव्हताच. माणसं दिवसभर तागाची सुतळी वळत. जास्त आरडाओरडा करणाऱ्याला साखळी. पुढच्या बंगल्यात गोरे रोगी असत. ते बरे झाले नाहीत तर त्यांना बोटीनं विलायतेला पाठवत. मागच्या गोदामात आपले लोक. त्यांना कुठे पाठवायचा प्रश्नच नसे.

शकुनताईंचे वडील, डॉ. गुरुदत्त राजाध्यक्ष, मूळचे वेंगुर्ल्याकडचे, पण डॉक्टरी इथेच शिकले. त्यांची तिथे नेमणूक झाली तेव्हा मित्रांनी विचारलं, कसली शिक्षा झाली म्हणून. ते गेले, आणि पहिली गोष्ट त्यांनी केली ती ही की बायको आणि तान्ह्या शकुनला घेऊन भिंतीच्या आत राहायला गेले. वरिष्ठांना त्यांनी सांगितलं, ज्या अंगणात माझी मुलगी रांगते तिथे माणसाच्या पायात साखळी असणार नाही. मग एकेकाच्या साखळ्या काढल्या. नोकर भ्यायले होते. पहिला सुटला तो एक नावाडी होता. तो कुणावर धावून गेला नाही. दिवसभर अंगणात बसून स्वतःचे घोटे चोळत राहिला. पुढे त्याच नावाड्यानं शकुनताईंना कालव्यात पोहायला शिकवलं.

तरी बाहेरची वस्ती त्या भिंतीपासून लांबच असे. मग एका उन्हाळ्यात कालव्यापलीकडच्या बस्तीत कॉलरा आला. मोठी हॉस्पिटलं भरून गेलेली. लोकांनी आजाऱ्यांना दाराच्या फळ्यांवर घालून रस्त्याकडेला ठेवलेलं. डॉक्टरांनी गारदाचं फाटक उघडलं आणि सगळ्यांना गोदामाच्या व्हरांड्यात घेतलं. हाताखालचे निम्मे नोकर पळाले. तेव्हा त्यांनी आपल्या रोग्यांना गोळा करून विचारलं, पाणी कोण उकळेल, कोण पाजेल, कोण धुईल. जे पुढे आले त्यांनी ते दिवस काढले. शकुनताई म्हणतात, त्यात एक बाई होती, तिला स्वतःचं गाव सांगता येत नसे, पण कुठल्या खाटेवरचा माणूस कधी पाणी मागतो हे ती विसरली नाही.

बरी झालेली माणसं घरी गेली ती हेच सांगत गेली, की वेड्यांनी आम्हाला वाचवलं. मग वस्ती आपली गळवं, खोकले, तापलेली पोरं घेऊन फाटकाशी यायला लागली. डॉक्टरांची बायको सकाळी तिथे टेबल टाकून मलमपट्टी करायची. सरकारच्या मागे लागून लागून डॉक्टरांनी पूर्वेकडची भिंत पाडून घेतली, आणि तिच्याच विटांची बाळंतपणाची इमारत बांधली. गारद गेलं, हॉस्पिटल झालं. आपली खुकी त्या विटांच्या आत जन्मली, अक्का.

आता तिथे डॉ. नंदी आहेत. तरुण असताना ते राजाध्यक्षांच्या हाताखाली होते. आजारात मालती फक्त मराठी बोलते, हिंदी-बंगाली सगळं विसरल्यासारखी. डॉ. नंदी शकुनताईंना म्हणाले, औषध मी देईन, भाषा तुम्ही द्या. म्हणून शकुनताई रोज जाऊन तिच्याशी मराठी बोलतात. त्यांचं ते बंगाली वळणाचं मराठी ऐकून मालती एकदा हसली, असं सिस्टर सांगत होत्या. मी तेव्हा तिथे नव्हतो.

सगळं चांगलंच आहे असं मी म्हणणार नाही. गर्दी फार आहे. औषधं कधी संपतात. एका वॉर्डाला अजून कुलूप आहे. ते मला आवडत नाही, आणि डॉ. नंदींनाही आवडत नाही. पण मालती तिथे आजारी माणूस आहे. दुसरं काही नाही.

वेगळं होण्याबद्दल पुन्हा लिहू नकोस.

तुझा,
श्यामकांत

*

कराड
२४ मार्च १९७१

चि. श्यामकांत,

आशीर्वाद. डॉक्टर राजाध्यक्षांबद्दल तू लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. मोठा माणूस. पण ते गेले, आणि मालती आज तिथे आहे. इमारतीच्या इतिहासानं माझं समाधान होत नाही. मालतीला विजेचे झटके देतात का? देत असतील तर तुला विचारून देतात का? तिच्या खोलीचं दार आतून उघडतं की बाहेरून? ती जेवते काय? यातलं तू एकही लिहिलेलं नाहीस.

मी येते. शाळेतून रजा घेतली आहे. बाँब फुटतात तर फुटू देत. मुलीला घेऊन परत येईन, हे आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे फलाटावर वाद नको.

शकुनताईंना माझा नमस्कार सांग. त्यांनी खुकीसाठी केलं ते आपल्यातल्या कुणी केलं नाही.

अक्का

*

कराड
१३ जून १९७१

चि. श्यामकांत,

खूप आशीर्वाद. परवा सुखरूप पोचले. गाडीत गर्दी होती, पण एका कुटुंबानं मला खिडकीजवळ जागा दिली. घर उघडून झाडलं, आता लिहायला बसले.

तुझ्याकडे असताना मी फारसं बोलले नाही. मला तोंडावर बोलता येत नाही, ते तुला ठाऊक आहे. म्हणून लिहिते.

पहिल्या दिवशी तू, मी आणि खुकी रिक्षानं गेलो. मी मुलीला छातीशी धरून बसले होते. कुणी मागितली तरी द्यायची नाही असं मनात होतं. डॉ. नंदी म्हणाले, मूल रोज आईकडे आणत जा, आया जवळ उभी राहील. मला ते अघोरी वाटलं. मालती बाहेर आली. केस विंचरलेले, साडी नीट. मुलीकडे तिनं पाहिलं, पण हात पाठीमागे बांधून उभी राहिली. एक पाऊल पुढे आली नाही. मी मनात म्हटलं, संपलं. आईची माया आटली. आता मूल इथे ठेवण्यात अर्थ नाही.

त्या आठवड्यातच मी तिकीट काढून निघणार होते. मग सीमेपलीकडून, पूर्व बंगालातून, जीव वाचवून पळालेले लोक यायला लागले, आणि त्यांच्यातला कॉलरा आला. त्या दिवशी मी आणि शकुनताई हॉस्पिटलात पोचलो तर गोदामाचा तो लांब व्हरांडा माणसांनी भरलेला. खाली चटया, चटयांवर बायामुलं. मी एका बाजूला उभी होते. एक सिस्टर आली, माझ्या हातात तांब्या-भांडं दिलं आणि बंगालीत काहीतरी सांगून पुढे गेली. शकुनताई म्हणाल्या, मीठ-साखरेचं पाणी आहे, घोट घोट पाजायचं, ओकलं तरी पाजायचं. मी शिक्षिका. मला असं कुणी कामाला लावलेलं नाही. पण उभी कशी राहणार? मी बसले. संध्याकाळपर्यंत पाजत होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, आणि मग जातच राहिले.

माझ्या शेजारी एक बाई पातेल्यात पाणी ढवळत असायची. ती नर्स की रोगी, मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी विचारलंही नाही. कुणीच विचारत नव्हतं. संचारबंदीतून दोन कोस चालत आलेले वॉर्डबॉय पाहिले. डॉ. नंदी व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या बसल्या भात खायचे, आणि घास अर्धा ठेवून उठायचे. आपल्याकडे मोठ्या कामाचं मोठं बोलतात. तिथे कुणी बोलत नव्हतं.

झटक्यांबद्दल मी डॉक्टरांना स्पष्ट विचारलं. ते म्हणाले, दिले, तुझ्या सहीनं दिले, कारण ती जेवणखाण सोडून मरणाच्या वाटेला लागली होती. आता गरज नाही. तू मला हेही सांगितलं नव्हतंस. सांगितलं नाहीस ते बरंच केलंस; मी तुला तेव्हा माफ केलं नसतं.

आणि मग तो मंगळवार. व्हरांड्यात एक बाई दगावली. तिचं तान्हं मूल चटईवर रडत होतं. मालती आतून आली होती, दाराशी उभी होती. तिनं ते मूल उचललं. आयानं माझ्याकडे पाहिलं, मी आयाकडे. मालती भिंतीला टेकून बसली आणि त्या मुलाला थोपटत राहिली. ते झोपलं तेव्हा तिनं मान वर करून मला हाक मारली. म्हणाली, "वन्सं, आपली आणा."

मी खुकीला तिच्या मांडीवर ठेवली. तिनं दोन्ही हातांनी घेतली.

मुलीला न्यायला आले होते. रिकाम्या हातांनी परत आले, आणि गाडीत बसल्यावर मला कितीतरी दिवसांनी झोप लागली. वकिलाचं मी लिहिलं होतं ते फाडून टाक.

अक्का

*

डमडम
१९ ऑगस्ट १९७१

ती. वन्सं,

मालतीचा शिरसाष्टांग नमस्कार. तुम्ही फेब्रुवारीत माझ्या हातची दोन अक्षरं मागितली होती. यांनी मला ते पत्र आत्ता दाखवलं. उशीर झाला, पण पाठवते.

मी घरी येऊन महिना झाला. गोळ्या चालू आहेत, त्यानं तोंड कोरडं पडतं आणि दुपारी झापड येते. दर पंधरवड्याला डॉ. नंदींना दाखवायचं. बसचा कंडक्टर 'गारद' म्हणून ओरडतो तेव्हा पहिल्यांदा मी मान खाली घालून उतरले. आता तसं होत नाही. त्याच बसमधून पोटुशा बायका उतरतात, डोळ्यांना पट्टी बांधलेले म्हातारे उतरतात. सगळे गारदातच जातात.

खुकीचं बारसं परवा शकुनताईंकडे वरच्या गच्चीत केलं. नाव सुनीती ठेवलं. शकुनताईंच्या आईचं नाव ते. गारदाच्या फाटकाशी मलमपट्टीचं टेबल टाकायच्या त्याच. यांना आवडलं. तुम्हालाही आवडेल असं वाटतं. स्टेशनावरच्या मासेवालीला बोलावलं होतं. ती नवी साडी नेसून आली आणि खुकीला घेऊन बसली, जेवायलाच उठेना.

एक गोष्ट लिहायची आहे, म्हणून खरं तर हे पत्र. तुम्ही कधी विचारलं नाहीत, यांनीही विचारलं नाही. सगळे समजतात, मी मुलीला टाकली. डॉक्टरांना मी सांगितलं आहे, आता तुम्हाला सांगते.

त्या दिवसांत मला आतून सारखं ऐकू यायचं, की माझ्या हातून हिचं काहीतरी होणार. पाणी तापवताना, सुरी धरताना, गच्चीत गेलं की. मी हात उशीखाली दाबून झोपायची. कुणाला सांगितलं तर मला बांधतील असं वाटायचं, आणि नाही सांगितलं तर मुलगी जाईल. मग वाटलं, ही दुसऱ्या कुणाची असती तर जगली असती. त्या मासेवालीला मी जाता-येता पाहिलं होतं. दंड भरलेले, आवाज मोठा, आणि गिऱ्हाइकांच्या पोरांना हसवत असायची. तिच्याकडे मुलगी जगेल असं वाटलं, म्हणून तिच्या मांडीवर ठेवली. मी हिला टाकली नव्हती, वन्सं. त्या घरात हिला धोका होता तो माझाच, त्यातून हिला बाहेर काढली होती.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा मी हात मागे बांधून उभी होते तेही त्यासाठीच. तुमचा चेहरा मी पाहिला. तुम्हाला काय वाटलं तेही कळलं. पण तेव्हा मला बोलता येत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, असा आजार पुष्कळ बाळंतिणींना होतो, तो जातो, आणि त्यात तुमचा दोष नाही. पहिले दोन महिने मला ते खोटं वाटलं. मग हळूहळू खरं वाटायला लागलं. का ते मला सांगता येणार नाही.

सरोजकाकूंबद्दल तुम्ही लिहिलेलं यांनी वाचून दाखवलं. त्यांना कुणी डॉ. नंदींसारखं भेटलं असतं तर, असं सारखं मनात येतं.

तुमची,
मालती

*

कराड
५ नोव्हेंबर १९७१

चि. सौ. मालती,

तुला आणि सुनीतीला खूप आशीर्वाद. नाव छान आहे. फोटो मिळाला. मुलगी कॅमेऱ्याकडे न बघता तुझ्याकडे बघते आहे, मला तेवढं पुरे.

तुझं ऑगस्टचं पत्र आल्यापासून उत्तर लिहायचं राहून गेलं. तू हात मागे बांधलेस तेव्हा मी काय समजले, आणि होतं काय. मी माणसं ओळखते असा माझा समज होता.

आज एका कामासाठी लिहिते आहे, आणि ते तुझ्याशिवाय होणार नाही.

आमच्या शेजारी जयप्रकाश म्हणून आहे, तालुका कचेरीत कारकून. त्याची बायको शैला, पूर्वी माझ्या शाळेत होती, गाण्यात पहिली यायची. गणपतीनंतर तिला मुलगा झाला. आता महिना झाला, ती मुलाला हात लावत नाही. भिंतीकडे तोंड करून बसते. सासूनं देवऋषी आणला. त्यानं धूर केला, तिच्या डोळ्यांची आग झाली, ती ओरडली, तर म्हणाले, अंगातलं बोलतंय. परवा तिला मागच्या खोलीत ठेवली आणि बाहेरून कडी लावली.

मी गेले. सासूला म्हटलं, कडी काढ. ती म्हणाली, बाई, तुम्ही शाळेतलं बघा. मी तिथेच उंबऱ्यावर बसले आणि सांगितलं, कडी निघेपर्यंत उठणार नाही. दुपारी जयप्रकाश जेवायला आला. त्याला मी तुझं सगळं सांगितलं, म्हणजे तुझं नाव न घेता, आमच्या घरातलं म्हणून. त्याचा चेहरा उतरला. त्यानं कडी काढली. काल त्याला बरोबर घेऊन शैलाला मिरजेला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या आहेत, आणि पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर तिथे ठेवू म्हणाले. ती माझ्याकडे बघत होती. गाडीत मी तिचे हात पाहिले. बसल्या जागी तिनं ते मांडीखाली घेतले होते.

तुझं पत्र नसतं तर मला त्याचा अर्थ कळला नसता.

मी तिला म्हटलं, तू बरी होशील. ती ऐकते, पण माझं तिला खरं वाटत नाही. का वाटावं? मी यातून गेलेली नाही. तू तिला लिही. तुझं नाव, गाव, काय लिहायचं ते तू ठरव. तुला जड जाणार असेल तर लिहू नकोस, मी समजेन. श्यामकांतला विचारायची गरज नाही. तुझं तू ठरव.

तुझी,
अक्का

*

डमडम, कलकत्ता
१६ नोव्हेंबर १९७१

चि. सौ. शैला,

तू मला ओळखत नाहीस. तुझ्या शाळेतल्या बाई माझ्या वन्सं. माझं नाव मालती. मी कलकत्त्यात राहते. मला एक मुलगी आहे, ती आता रांगते आणि जमिनीवरचं सगळं तोंडात घालते.

ती झाली तेव्हा मी तिला हात लावत नव्हते. का ते मला माहीत होतं, आणि मी कुणाला सांगत नव्हते. तुलाही तुझं कारण माहीत असेल. ते मला सांग असं मी म्हणत नाही. पण ते कितीही वाईट असलं, तरी मी त्याच्यापेक्षा वाईट विचार केले आहेत, एवढं लक्षात ठेव. आणि ते विचारच होते. त्यातलं काही झालं नाही.

मी हॉस्पिटलात होते. लोक त्याला अजून वेड्यांचं म्हणतात. तिथे मला कुणी बांधलं नाही. एक बाई रोज येऊन शेजारी बसायच्या आणि मोडक्या मराठीत भाजीचे भाव सांगायच्या. मी उत्तर देत नसे. त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा यायच्या. तुला मिरजेला ठेवायचं ठरलं तर भिऊ नकोस. तिथून माणूस घरी येतं. मी आले.

गोळ्यांनी हात थरथरतात. ते औषधाचं आहे, तुझं नव्हे. पुढे थांबतं. बघ, हे अक्षर माझंच आहे.

तुझ्या मुलाला आत्ता दुसरं कुणी घेत असेल, आंघोळ घालत असेल. घालू दे. तो तुझाच आहे. तू बरी होईपर्यंत तो वाट बघेल, लहान मुलांना तेवढं जमतं.

मला दोन ओळी लिही. चांगलंच लिहायला हवं असं नाही. बरं वाटत नसेल तर बरं वाटत नाही, एवढंच लिही. मी लगेच उत्तर देईन.

मालती